अभिलेख पाहू द्या, अर्ज आपोआप कमी होतील

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेची विभाग कार्यालये, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, नगर भूमापन कार्यालये आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांची कार्यालये यांच्या ताब्यात असलेले सार्वजनिक अभिलेख नागरिकांना प्रत्यक्ष पाहता यावेत, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. माहितीच्या अधिकाराविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लिहिले जाते. परंतु त्या लिखाणाचा रोख बहुधा अर्ज, अपील आणि दंड यांच्याकडे असतो. त्याच कायद्याने दिलेला अभिलेख पाहण्याचा हक्क मात्र चर्चेत फारसा येत नाही. माझ्या मते मुंबईकराच्या दृष्टीने तोच हक्क सर्वांत मोलाचा आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत सर्वांत आधी येते ती कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी. टिपणे काढणे, प्रमाणित प्रती मिळवणे, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हे सारे त्यानंतर येते. हीच तरतूद सर्वसामान्यांच्या आवाक्यात यावी म्हणून राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की, जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना आपले अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावेत. पुणे महापालिकेत अशी पद्धत त्याआधीपासूनच होती आणि तिच्या अनुभवावरूनच राज्याने हे पाऊल उचलले. मुंबईतील किती नागरिकांना हे दोन तास ठाऊक आहेत, आणि किती विभाग कार्यालयांच्या प्रवेशद्वाराशी त्यांची पाटी आहे, हा प्रश्न मला येथे मांडायचा आहे. मी ज्या ज्या कार्यालयांत कामानिमित्त गेलो, तेथे मला तशी पाटी दिसली नाही आणि चौकशीच्या खिडकीवर विचारले असता बहुतेक वेळा ‘आधी अर्ज करा’ एवढेच उत्तर मिळाले.

मुंबईत या हक्काचे महत्त्व अन्य शहरांपेक्षा अधिक का, हे सांगण्यासाठी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा अनुभव सांगतो. आमची इमारत १९७० च्या दशकातील. विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे कायदेशीर हस्तांतरण) संस्थेच्या नावे कधीच करून दिले नाही आणि पुढे तो हयातही राहिला नाही. अशा संस्थांसाठी १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाच्या सहीविना होणाऱ्या हस्तांतरणाची, सोय आहे, पण त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे प्रस्ताव देताना मंजूर अभिन्यास (लेआउट), इमारतीचे मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र अशी कागदपत्रे आम्हाला लागली. ती मूळ कागदपत्रे विकासकाकडे होती, वास्तुविशारदाचे कार्यालय केव्हाच बंद झालेले होते, आणि उरलेली एकमेव प्रत सरकारी दप्तरात होती. म्हणून संस्थेने संबंधित कार्यालयाकडे माहितीचा अर्ज केला. पहिले उत्तर आले की, नकाशे ही त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाहीत. जे लोक त्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, ज्यांनी पै पै करून तिचा कर भरला, ते त्या इमारतीच्या बाबतीत त्रयस्थ कसे, याचे स्पष्टीकरण त्या उत्तरात नव्हते. आम्ही पुन्हा लिहिल्यावर दुसरे उत्तर आले की, अभिलेख आढळून येत नाही.

प्रथम अपिलात अपिलीय अधिकाऱ्यांनी आम्हाला अभिलेख कक्षात बसून पाहणी करण्याची परवानगी दिली. हे त्यांचे योग्य पाऊल होते आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तेथील कर्मचाऱ्याने गठ्ठे काढून दिले, आम्ही आणि तो मिळून ते चाळत बसलो, आणि नस्ती (फाइल) त्याच दिवशी सापडली. ती हरवलेली नव्हती. आमच्या भूखंडाला पुढे नगर भूमापन क्रमांक मिळाला होता आणि आम्ही अर्जात तोच दिला होता; नस्ती मात्र जुन्या सर्व्हे नंबरखाली, शेजारच्या दोन भूखंडांच्या कागदांबरोबर बांधून ठेवलेली होती. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज आणि अपील या सर्व व्यवहारात जो वेळ आणि जो सरकारी कागद खर्च झाला, तो सारा पहिल्याच सोमवारी आम्हाला त्या कक्षात बसू दिले असते तर वाचला असता. कार्यालयाचाही वाचला असता, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण माहिती अधिकाराच्या अर्जांमुळे कामाचा बोजा वाढतो अशी अधिकाऱ्यांची तक्रार असते आणि ती पूर्णपणे निराधार नाही.

त्रयस्थ पक्षाचे कारण देऊन जुने नकाशे नाकारण्याचा प्रकार आमच्या परिसरातील इतर संस्थांच्या बाबतीतही घडला आहे. म्हणून माहिती अधिकार कायद्यातील एका दुर्लक्षित तरतुदीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. कलम ८(३) नुसार, अर्जाच्या दिनांकापूर्वी २० वर्षे घडून गेलेल्या बाबीसंबंधीची माहिती द्यावीच लागते. केवळ देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे या तीन कारणांपुरताच अपवाद ठेवलेला आहे. मुंबईतील अभिहस्तांतरण रखडलेल्या आणि पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या बहुसंख्य इमारती २० वर्षांहून कितीतरी जुन्या आहेत. त्यांच्या मंजुरीच्या कागदांना खासगीपणाचे किंवा व्यापारी गोपनीयतेचे कारण लागूच होत नाही. नव्या प्रकल्पांची स्थिती पाहिली तर हा विरोधाभास अधिकच खटकतो. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यामुळे विकासकाला प्रकल्पाच्या मंजुऱ्यांची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि कोणीही ती घरबसल्या पाहू शकतो. जे आजच्या इमारतीसाठी जाहीर करणे बंधनकारक आहे, तेच ५० वर्षांपूर्वीच्या इमारतीसाठी गोपनीय कसे ठरते?

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर त्याहून गंभीर आहे. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ व ९ मध्ये दिलेली आहेत आणि नस्ती न सापडणे हे त्यांपैकी एकही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की, जो अभिलेख एकेकाळी कार्यालयाकडे होता तो आता मिळत नाही एवढे सांगून माहिती नाकारता येत नाही. त्याचा कसून शोध घ्यावा लागतो आणि तो न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करावी लागते. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात अभिलेखांची देखभाल, नोंद व निर्लेखन (नियमानुसार नष्ट करणे) यांची पद्धत तसेच उल्लंघनाबद्दल शिक्षेची तरतूद आहे. एखादी नस्ती नियमानुसार मुदत संपल्यामुळे नष्ट केली असेल तर तिच्या निर्लेखनाची नोंद असलीच पाहिजे. ती नोंदही नसेल तर नस्ती गहाळ आहे, आणि गहाळ असेल तर चौकशी व्हायला हवी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांची कागदपत्रे जळाली, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवसानंतर तरी प्रत्येक स्थानिक कार्यालयाने आपल्याकडे नेमके काय आहे याची सूची तयार करायला हवी होती. मुळात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(क) नेच अभिलेखांची सूची व निर्देशांक तयार करण्याचे बंधन २००५ पासून घातलेले आहे. सूची नसेल तर नागरिकाने काय मागावे हे त्याला कळणार नाही आणि अधिकाऱ्याने कोठे शोधावे हे अधिकाऱ्यालाही कळणार नाही.

पाहणीचा हक्क केवळ जुन्या नकाशांपुरता नाही. कायद्याने ‘माहिती’ या संज्ञेत नोंदवह्या, अभिप्राय, करार, अहवाल यांबरोबर नमुने आणि लॉगबुकही घेतलेली आहेत. दर पावसाळ्यापूर्वी आपल्या शहरात नालेसफाई होते. नाल्यातून किती गाळ निघाला, तो कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी नेला आणि वजनकाट्यावर त्याचे वजन किती भरले, याची नोंद ठेवली जाते व त्यावरच कंत्राटदाराचे देयक निघते. २०१५ मध्ये नालेसफाईच्या कामांची चौकशी होऊन महापालिकेच्या अभियंत्यांवर निलंबनाची कारवाई झाली, त्या वेळी या नोंदींना किती महत्त्व आहे हे शहराने पाहिले. त्या नोंदी मे महिन्यातील एखाद्या सोमवारी त्या विभागातील रहिवाशाला पाहता आल्या, तर पावसाळ्यात चौकशी समिती नेमण्याची वेळ कमी येईल. हीच गोष्ट रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची, पदपथांच्या दुरुस्तीची आणि सार्वजनिक शौचालयांच्या देखभालीची. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका, कामाचा आदेश आणि दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) नमूद केलेले करारपत्र या तीन गोष्टी पाहिल्या तरी, उखडलेला रस्ता कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायला हवा हे कोणत्याही सुशिक्षित रहिवाशाला तासाभरात समजते. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क नाही.

अभिलेख खुले करण्याला अधिकाऱ्यांकडून एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. काही माणसे बांधकामांच्या नस्त्या मिळवून रहिवाशांना, दुकानदारांना आणि अधिकाऱ्यांनाही धमकावतात व त्यावर पैसा मिळवतात, असा तो आक्षेप आहे. असे प्रकार घडतात, हे मी नाकारत नाही. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि प्रसंगी प्राणही गमावले, त्यांच्या कामाला त्यामुळे काळिमा लागतो याचे मला अतिशय दुःख होते. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे जमीन गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्या सतीश शेट्टी यांची हत्या झाली, हे महाराष्ट्राने विसरू नये. परंतु खंडणीखोराची ताकद कशात आहे, हे पाहिले पाहिजे. तो कागद इतरांना मिळत नाही आणि त्याला मिळतो, यातच ती आहे. जो मंजूर नकाशा, जी नोटीस, जो कामाचा आदेश कोणालाही सोमवारी दुपारी जाऊन पाहता येतो किंवा संकेतस्थळावर वाचता येतो, त्याची किंमत कोणी कोणाकडून वसूल करू शकत नाही. म्हणून खंडणीचे कारण देऊन कपाटे बंद ठेवणारे कार्यालय नकळत त्याच माणसांचा धंदा टिकवून धरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागरिकांच्या बाजूनेही काही गोष्टी नीट व्हायला हव्यात. आमच्या परिसरातील संस्थांचे अर्ज लिहिताना माझ्या लक्षात आले की, बहुतेक अर्जांत कागद मागण्याऐवजी जाब विचारलेला असतो. ‘कारवाई का केली नाही’, ‘याला जबाबदार कोण’ असे प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे की, माहिती अधिकाऱ्याने अस्तित्वात असलेला अभिलेख द्यायचा असतो. नवी माहिती तयार करण्याचे किंवा मत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्यामुळे ‘अमुक दिनांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहार पाहणीसाठी उपलब्ध करावा व निवडलेल्या पृष्ठांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिणे केव्हाही अधिक परिणामकारक ठरते. राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असे बंधन घातले आहे. ते अनेकांना जाचक वाटते. मलाही ते कायद्याच्या मूळ हेतूशी सुसंगत वाटत नाही. पण पाहणीचा अर्ज त्या मर्यादेत सहज बसतो. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, कारण देण्याची गरज नसते आणि प्रतीला पानामागे २ रुपये लागतात.

मुंबईत अर्ज कोणाकडे करावा हीच मोठी अडचण असते. विभाग कार्यालयातच इमारत व कारखाने खाते वेगळे, परिरक्षण खाते वेगळे, घनकचरा व्यवस्थापन वेगळे. शिवाय बांधकामाच्या मंजुऱ्या देणारा इमारत प्रस्ताव विभाग विभाग कार्यालयाच्या बाहेरच. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाचे दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी योजना असेल तर पुनर्वसन प्राधिकरण. सामान्य माणसाने हे सारे ओळखून अर्ज करावा अशी कायद्याची अपेक्षाच नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर तो ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी कलम ६(३) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे. तरीही ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे एका ओळीचे उत्तर देऊन अर्ज निकाली काढला जातो आणि तेही ३० दिवसांची मुदत संपत आल्यावर.

अशा प्रत्येक उत्तराविरुद्ध अपील करता येते, हे खरे. पण त्या वाटेची आजची अवस्था काय आहे? प्रथम अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे जाते आणि ते ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली काढायचे असते. तेथे न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. सतर्क नागरिक संगठन या संस्थेच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांनुसार महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित होत्या. पुनर्विकासाचा निर्णय घ्यायला बसलेल्या संस्थेला, किंवा धोकादायक ठरवलेल्या इमारतीचा संरचनात्मक अहवाल पाहू इच्छिणाऱ्या भाडेकरूला, एवढ्या रांगेत उभे राहणे परवडणारे नाही. आयोगाकडे जाण्याची वेळच कमी यावी यासाठी पहिल्या पायरीवरचा दरवाजा उघडला पाहिजे.

त्यात आता आणखी एक चिंता उभी राहिली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती केली आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यास एखाद्याच्या खासगी आयुष्यात अकारण हस्तक्षेप होतो, हे दाखवावे लागत असे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरते. झोपडपट्टी योजनेतील पात्र-अपात्र रहिवाशांची यादी, देयकावर सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव, कंत्राटदाराच्या कामगारांची हजेरी हे सारे या एका शब्दाखाली झाकले जाण्याची भीती आहे. कलम ८(२) मधील व्यापक सार्वजनिक हिताची तरतूद अद्याप कायम आहे आणि अपिलात तिचा आधार घेता येतो, हे अर्जदारांनी ध्यानात ठेवावे. दुरुस्ती मागे घेतली जावी, असेच माझे मत आहे. पण तोवर स्थानिक पातळीवर आयुक्तांनी एवढे तरी स्पष्ट करावे की, महापालिकेच्या पैशातून झालेल्या कामाची कागदपत्रे आणि अधिकाऱ्यांनी पदाच्या नात्याने केलेल्या सह्या यांना वैयक्तिक माहिती समजले जाणार नाही.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात नगरसेवक नव्हते. त्या काळात विभाग कार्यालयाला प्रश्न विचारणारे सभागृह नव्हते, प्रभाग समितीत लोकप्रतिनिधी नव्हते, आणि नागरिकासमोर अर्जाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त सदस्य पुन्हा आले आहेत. माझी त्यांना विनंती आहे की, आपापल्या प्रभाग समितीच्या बैठकीत सहायक आयुक्तांना त्यांनी विचारावे: सोमवारची पाहणी कोणत्या खोलीत होते, त्या वेळी कोणता कर्मचारी हजर असतो, गेल्या वर्षभरात किती नागरिकांनी कोणते अभिलेख पाहिले याची नोंदवही कोठे आहे, आणि विभागातील नस्त्यांची सूची संकेतस्थळावर केव्हा येणार. महापालिका आयुक्तांना विनंती आहे की, सर्व विभाग कार्यालयांच्या व इमारत प्रस्ताव विभागाच्या प्रवेशद्वारी पाहणीची वेळ, जागा आणि संबंधित माहिती अधिकारी व प्रथम अपिलीय अधिकारी यांची पदनामे मराठीत ठळक लावावीत. तसेच जुन्या इमारतींच्या सूचीत नगर भूमापन क्रमांकासमोर जुना सर्व्हे नंबरही द्यावा. ही शेवटची मागणी लहान वाटेल, पण अभिहस्तांतरणासाठी धडपडणाऱ्या संस्थांची बरीच पायपीट तेवढ्याने थांबेल.

आपला विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव,
मुलुंड (पूर्व), मुंबई